वाहन मिळाले, रस्त्याचा हक्क कुणी द्यायचा?

निवडणूक जवळ आली, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला किंवा एखाद्या कंपनीला सामाजिक निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असला की गावोगावी एक कार्यक्रम हमखास होतो. मांडव पडतो. अपंग बांधव-भगिनींना सकाळपासून आणून बसवले जाते. पाहुणे दुपारी उगवतात. हार-तुरे होतात, भाषणे होतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी वाहनाची किल्ली लाभार्थ्याच्या हाती ठेवून फोटो काढला जातो. दुसऱ्या दिवशी वाटपाची बातमी छापून येते. परंतु ते वाहन घेऊन तो माणूस मांडवाबाहेर पडला, त्यानंतर त्याचे काय झाले, याची बातमी कुठेच येत नाही. तो घरी सुखरूप पोहोचला का? पहिल्याच वळणावर कलंडला का? सहा महिन्यांत बॅटरी बसली म्हणून ते वाहन आज घरामागे गंजत पडले आहे का? हे प्रश्न विचारायला कुणाला सवड नाही.

आम्हाला वाटपाचे वावडे नाही. ज्याच्या पायात बळ नाही त्याच्यासाठी हे वाहन म्हणजे चैन नव्हे, ते त्याचे पाय आहेत. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु त्याआधीच्या दशकांत ज्यांना पोलिओने गाठले ते आज प्रौढ आहेत, काही वार्धक्याकडे झुकले आहेत. वर्षानुवर्षे हाताने तीनचाकी ओढून त्यांचे खांदे झिजले. पायाने आधीच दगा दिला होता, आता हातही थकले. त्यात मधुमेहाने पाय गमावलेले, इमारतीच्या कामावरून पडून पाठीचा कणा मोडलेले आणि रस्ता अपघातात जायबंदी झालेले कष्टकरी आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. याच जनगणनेनुसार एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के आहे. हा फरक आकाशातून पडलेला नाही. धोक्याचे काम, निकृष्ट घर, दूरचा दवाखाना आणि उशिरा मिळणारे उपचार ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्याच वाट्याला अपंगत्वही अधिक येते. म्हणून हा विषय चळवळीच्या बाहेरचा नाही.

वाहन मिळणे ही अर्धीच गोष्ट झाली. ते सुरक्षित चालवता येणे ही उरलेली अर्धी. आणि या दुसऱ्या अर्ध्या भागाचेही दोन वाटे आहेत. एक चालवणाऱ्याच्या शिस्तीचा, दुसरा शासनाच्या कर्तव्याचा. पहिल्या वाट्याबद्दल आपण आपसात स्पष्ट बोलले पाहिजे. दुसऱ्याबद्दल शासनाला स्पष्ट विचारले पाहिजे. अपघात झाला की ‘चालवता येत नव्हते तर बाहेर कशाला पडला?’ असे म्हणणारे अनेक भेटतात. त्यांना उत्तर द्यायचे तर आपली बाजू आधी पक्की हवी.

प्रथम शिकण्याविषयी. बॅटरीचे वाहन आवाज करीत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात चार मीटरहून अधिक अंतर कापते. समोर मूल आले, हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. त्यामुळे किल्ली मिळाली त्याच दिवशी हमरस्त्यावर जाऊ नये. शाळेचे पटांगण, बाजार नसलेल्या दिवशीचे बाजारपटांगण अशा मोकळ्या जागी निदान आठवडाभर सराव करावा. सोबत एक धडधाकट माणूस असावा. सुरू करणे, थांबणे, वळणे, मागे घेणे हे हाताला वळण पडेपर्यंत करावे. वेगाचे बटण असेल तर ते सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवूनच सुरुवात करावी.

वाहनांतला फरकही समजून घ्यावा. शहरांत आता परदेशी धर्तीच्या मोबिलिटी स्कूटर दिसू लागल्या आहेत. त्यांत साधारणपणे अंगठ्याने दाबायची पट्टी असते. ती सोडली की वाहन आपोआप थांबते व ब्रेक लागतो. घाबरल्यावर माणूस हँडल घट्ट आवळतो आणि नेमकी तीच पट्टी अधिक दाबली जाते, हा नवशिक्याचा मोठा धोका आहे. ‘हात सोड, वाहन थांबेल’ हे मनावर बिंबवावे लागते. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या बॅटरीच्या तीनचाकीत मात्र रेस सोडल्यावर हाताने ब्रेक दाबावा लागतो. एकावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर तसाच बसला तर फसतो. स्कूटर ढकलून नेण्यासाठी मोटार मोकळी करणारा एक खटका असतो. तो ओढला की ब्रेकही सुटतो. उतारावर त्याला कधीही हात लावू नये.

तीनचाकीचा स्वभाव ओळखला पाहिजे. पुढे एकच चाक असलेले वाहन सरळ रेषेत स्थिर असते, पण वेगात वळवले की बाहेरच्या बाजूला कलंडते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. हँडलला पिशव्या टांगल्या की हँडल जड होते आणि तोल पुढच्या एका चाकावर जातो. सामान आसनाखाली वा मागे, खालच्या बाजूला ठेवावे. मागे भाच्याला उभे करून नेणे, पुढे नातवाला बसवणे हे प्रेमाचे असले तरी घातक आहे. वाहन एका माणसासाठी बनलेले असते.

चढ-उतारावर नियम एकच: सरळ चढा, सरळ उतरा. तिरपे गेलात किंवा चढावर मध्येच वळलात तर एका बाजूचे चाक उचलले जाते. चढताना अंग थोडे पुढे, उतरताना मागे टेकून असावे आणि वेग सर्वांत कमी. रस्त्याची कड, गतिरोधक किंवा उंबऱ्याची पट्टी ओलांडायची असेल तर चाके त्याला काटकोनात लावून हळू जावे. कड उंच असेल तर धडक मारून चढण्याचा पराक्रम करू नये. दहा पावले फेरा पडला तरी चालेल.

बसण्याविषयी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कण्याला इजा झालेल्या अनेकांच्या पायांना संवेदना नसते. पाय ठेवायच्या फळीवरून पाऊल घसरून रस्त्यावर घासत गेले तरी त्यांना कळत नाही. घरी आल्यावर रक्त दिसते. असे पाय मऊ पट्ट्याने फळीला बांधावेत, पायात बंद जोडा असावा आणि थांबल्यावर एकदा खाली नजर टाकावी. सलग बसून राहिल्याने पाठीच्या खाली होणारी जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणून गादी हवी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन किंवा अंग एकेका बाजूला झुकवून बैठकीवरचा दाब हलका करावा. चढता-उतरताना किल्ली बंद ठेवावी, कारण कोपर लागून वाहन पुढे सरकते आणि माणूस खाली पडतो. गुंगी आणणारे औषध घेतले असेल तर त्या दिवशी हँडल हाती धरू नये. दारू पिऊन तर नाहीच नाही.

हे वाहन बुटके असते. ट्रक आणि बसच्या चालकाला आपल्या जवळचे, खालचे दिसत नाही. त्यामुळे मोठ्या वाहनाच्या अगदी पुढे वा मागे थांबू नये. मागच्या बाजूला रेडियमच्या लाल पट्ट्या, पुढे पांढऱ्या, एका काठीला भडक रंगाचे निशाण, आरसा आणि चालू हॉर्न यांचा खर्च फार नाही, पण जीव त्यावर टिकतो. सायंकाळनंतर दिवा नसेल तर बाहेर पडू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडे मॅनहोल, हे कुणालाच सांगता येत नाही. धावून बाजूला होणे ज्याला शक्य नाही त्याने असे पाणी टाळलेच पाहिजे. शिवाय मोटार आणि वायरिंगमध्ये पाणी शिरले की वाहन भर रस्त्यात बंद पडते.

बॅटरीबाबतही नीट समजून घ्यावे. जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी पूर्ण उतरवून तशीच ठेवली की ती लवकर मरते. रोज वापरा अगर न वापरा, ती चार्ज केलेली असावी. चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघू शकतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ चूल, विडी, अगरबत्ती नको. लिथियम बॅटरीला तिच्यासोबत आलेलाच चार्जर लावावा. बाजारातला मिळताजुळता चार्जर स्वस्त पडतो, पण आगीला निमंत्रण देतो. सर्वांत महत्त्वाचे, घराच्या एकमेव दाराशी वाहन चार्जिंगला लावून झोपू नये. आग लागलीच तर ज्याला पळता येत नाही त्याची वाट तीच आगीची वाट होते. आता दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याने ते लावायचे कुठे? हा सल्ला ऐकणाऱ्याचा दोष नाही, हा घरांचा प्रश्न आहे. म्हणूनच समाजमंदिरात, ग्रामपंचायतीत, वस्तीच्या कार्यालयात चार्जिंगची एक सुरक्षित, छत असलेली जागा मागितली पाहिजे. बॅटरी जुनी झाली की पल्ला घटतो. कंपनीने सांगितलेल्या अंतरावर विसंबून न राहता अर्धी बॅटरी संपण्याआधी परत फिरावे.

कायद्याचे ज्ञानही सुरक्षिततेचाच भाग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरी वाहनाच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, असे अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल ते मोटार वाहन मानले जात नाही. म्हणजे त्याला परवाना वा नोंदणी लागत नाही. आपले वाहन यात बसते का, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर जाऊ नये. मोटार वाहन नसल्यामुळे विम्याची सक्ती नाही, पण तुमच्या धक्क्याने कुणी जखमी झाला तर जबाबदारी संपत नाही. उलट मोटार वाहनाने तुम्हाला उडवले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याचा तुम्हाला इतर कुणाही इतकाच हक्क आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. मोटार वाहनाच्या अपघातात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना २०२५ मध्ये आली आहे. या गोष्टी मांडवातल्या भाषणात सांगितल्या जातात का?

इथवर चालवणाऱ्याचा वाटा झाला. आता शासनाचा.

एक साधा प्रश्न विचारतो. हे वाहन पदपथावर चालवायचे की रस्त्यावर? ब्रिटनमध्ये याचे उत्तर ठरलेले आहे. तेथे हलक्या स्कूटरला पदपथावर ताशी चार मैल, म्हणजे सुमारे सहा किलोमीटरची मर्यादा आहे. मोठ्या स्कूटरला रस्त्यावर ताशी आठ मैल, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर वेगाने जाता येते, पण दिवे, दिशादर्शक, हॉर्न आणि आरसा लागतो. परवाना लागत नाही, नियम मात्र सर्वांना ठाऊक असतात. आपल्याकडे वाहन हाती देताना असा नियमांचा एक कागदही दिला जात नाही. आणि नियम दिला तरी पदपथ आहे कुठे? भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, त्याची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको आणि टोकाला एकास बारा या प्रमाणात उतार हवा. आपल्या गावचा, आपल्या वॉर्डातला पदपथ एकदा टेप लावून मोजा. कुठे विजेचा डबा, कुठे झाड, कुठे दुकानाचा माल, कुठे पक्षाचा फलक! मुंबईत तर दुचाकी अडवण्यासाठी पदपथावर खांब रोवले आणि त्यात चाकाच्या खुर्चीची वाट बंद झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

कायद्याची उणीव नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्याने नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०२२ मध्ये सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगमतेचे निकष नुसते शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने चालण्यायोग्य, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ‘अपंग’ म्हणायचे की ‘दिव्यांग’, यावर या देशात भरपूर चर्चा झाली. पण नाव बदलल्याने रस्त्यावरचा एकही खड्डा बुजत नाही.

या वृत्तपत्राच्या वाचकांना रस्त्याचा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पैशांतून झालेला रस्ता, तळे, पाणवठा यांवर माणसामाणसात भेद नको, यासाठी आपल्या पूर्वजांना लढावे लागले. १९२७ च्या महाडनंतर सार्वजनिक या शब्दाचा अर्थ बदलला. घटनेच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तेथे कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत अपंगत्वाचा शब्द नाही. पण कलम १४ ची समानता, कलम १९ चा देशभर मुक्त संचाराचा हक्क आणि कलम ४१ मधील अपंगांना साहाय्याचे तत्त्व एकत्र वाचले तर अर्थ एकच निघतो. ‘येऊ नकोस’ असे तोंडाने म्हणून अडवले काय आणि पायऱ्या बांधून अडवले काय, बाहेर राहणाऱ्याला फरक पडत नाही.

आणि म्हणूनच आपल्या घराकडेही बघितले पाहिजे. आपल्या किती विहारांना, किती समाजमंदिरांना, किती अभ्यासिकांना रॅम्प आहे? दीड फूट जोत्याला अठरा फूट लांब रॅम्प लागतो. तीन फुटांची सिमेंटची घसरगुंडी म्हणजे रॅम्प नव्हे, ती अपघाताची सोय आहे. वंदनेला येणारी अपंग भगिनी दाराबाहेर बसते आणि आत समतेवर व्याख्यान चालते, हे चित्र आपल्याला शोभत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. अशा गर्दीत बॅटरीचे वाहन म्हणजे चालवणाऱ्यालाही धोका आणि आसपासच्यांनाही. स्वयंसेवकांनी अपंग आणि वृद्धांसाठी स्वतंत्र वाट राखावी, गर्दी ओसरेपर्यंत थांबण्याची व चार्जिंगची जागा ठेवावी. वाहनधारकांनीही ऐन रेट्यात शिरू नये.

शासनाकडे मागण्या साध्या आहेत. वाहनासोबत किमान आठवड्याचे प्रशिक्षण आणि मराठीत चित्रांसह पुस्तिका द्या. प्रत्येक तालुक्यात दुरुस्ती आणि बॅटरी बदलण्याची सोय करा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी अपंगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी सतरंज्या आणि सत्कारांवर न उडवता रॅम्प, रेडियम आणि चार्जिंगच्या जागांवर खर्च करा. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. त्याने वाटपाच्या आकड्यांसोबत आणखी एक आकडा जाहीर करावा: दिलेल्या वाहनांपैकी वर्षानंतर किती चालू आहेत?

आणि कार्यकर्त्यांनी? येत्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत हा पाच टक्क्यांचा हिशेब लेखी मागावा. आपल्या वस्तीत ज्याच्याकडे असे वाहन आहे त्याच्याकडे एक रविवार जावे, रेडियम लावून द्यावे, ब्रेक तपासावा, पटांगणात सोबत उभे राहावे. किल्ली देणारे हात पुष्कळ आहेत. ते वाहन सुखरूप घरी परतेल याची काळजी वाहणारे हात हवे आहेत, आणि ते हात आपले असले पाहिजेत.